सुभेदारांचं सफरचंद

खोली दाखवताना त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. शेळी पाळणार का? धुण्याचं पाणी कुठं सांडणार? आणि येता-जाता झाडाची पानं तोडायची सवय आहे का? मी "नाही", "मोरीत" आणि "नाही" अशी उत्तरं दिली. "मग सामान आना," ते म्हणाले. मुलाखत संपली.

मी तेव्हा रहिमतपूरच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. रक्त, लघवी, थुंकी तपासायची आणि जे दिसेल ते कागदावर लिहायचं, हे माझं काम. त्यामुळे फापटपसारा न लावणारी माणसं मला आवडतात. हे घरमालक फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. गावात त्यांना कोणी नावानं ओळखत नव्हतं. सगळे सुभेदार म्हणत, मी तोंडावर आबा म्हणायची.

प्रश्नांचा उलगडा दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. अंगणात नळाजवळ एक खांद्याएवढं झाड होतं. त्याच्याभोवती चुना फासलेल्या दगडांचं गोल रिंगण, खोडाला गेरूचा आणि चुन्याचा पट्टा, फांदीला टांगलेला थर्मामीटर. झाडासमोर सुभेदार ताठ उभे होते आणि विचारत होते, "काय खबर?"

"पेरू का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या मुलाला शेजाऱ्याचा मुलगा म्हटलंय. "सपरचंद हाय, बाई. हिमाचलचं कलम."

"इथे येतं?"

"आलंय न्हवं का? उभं हाय तुमच्यासमोर."

त्यांना म्हणायचं होतं ते खरं होतं आणि मला म्हणायचं होतं तेही. झाड आलं होतं. फळ आलं नव्हतं. चार वर्षांत एकही नाही.

या झाडाचं मूळ त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या, बोलण्यात होतं. नोकरीच्या काळात सुभेदार दर रजेला डोंगरातून सफरचंदांची एक पेटी घेऊन यायचे. तीन दिवस रेल्वेत, त्यात गाडीतला उकाडा. निम्मी पेटी कुजलेली निघायची. काकी उरलेली पुसून आळीत वाटायच्या आणि म्हणायच्या, "पेटी कशाला वाहताय? एकदा झाडच आना की." निवृत्त झाल्यावर त्यांनी झाडच मागवलं. सुभेदारांना गंमत कळत नसे असं नाही. पण काकींनी गंमत म्हणून सांगितलेलं कामही काम म्हणूनच करायचं, अशी त्यांची शिस्त होती.

काकी आणि मी त्या घरात चार महिनेच एकत्र होतो. बारीक, चपळ, तोंडाच्या फटकळ. नवरा अठ्ठावीस वर्षं सरहद्दीवर असताना घर, सासू, मुलगा, गावाकडचा ऊस, सगळं त्यांनी एकटीनं रेटलं होतं. आणि मग एक दिवस हा माणूस ट्रंक घेऊन कायमचा घरी आला आणि स्वयंपाकघराला मेस म्हणू लागला, चहाची वेळ भिंतीवर लिहू लागला. काकी मला म्हणाल्या होत्या, "रजेवर यायचे तवा बरं वाटायचं बघा. दोन महिन्यांचं मानूस हाय हे."

मुलगा पुण्यात, आयटीत. सुनेचं बाळंतपण आलं तेव्हा काकींना न्यायला गाडी आली. सामान चढलं. सुभेदार फाटकाशी उभे होते.

"किती दिसांनी येनार?" त्यांनी विचारलं.

काकी गाडीत बसता बसता म्हणाल्या, "तुमच्या झाडाला सपरचंद लागलं की कळवा. त्या दिशी येते बघा."

मुलगा हसला. मीही हसले. सुभेदार हसले नाहीत. त्यांनी मान हलवली, जशी हुकूम मिळाल्यावर हलवतात.

बाळंतपण झालं, बारसं झालं, नातू चालायला लागला. काकी आल्या नाहीत. आळीत कोणी विचारलं तर सुभेदार सांगायचे, "ती डूटीवर हाय." मला एकदाच म्हणाले, "अठ्ठावीस साल ती हितं एकली ऱ्हायली. आता तिचं पोस्टिंग भाईर हाय. एकलं ऱ्हायचा नंबर माझा हाय." आणि तुम्हीच का जात नाही पुण्याला, असं विचारलं तर झाडाकडे बोट दाखवायचे. "ह्याला कोन बघनार?"

एकटं राहणाऱ्या माणसाला सवयी लागतात. मी स्वतः एकटी राहते, लग्न केलं नाही, त्यामुळे मला त्या कळतात. त्यांची एक सवय अशी : घराबाहेर पडताना उंबऱ्यावरून आत वळून "आलोच" म्हणायचे. आत कोणी नसायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मला सांगतायत, म्हणून मी माझ्या खोलीतून "बरं" म्हटलं. ते दचकले. पण त्यानंतर रोज माझ्या खिडकीकडे वळून म्हणू लागले.

दुसरी सवय, थंडीची मोजणी. सफरचंदाला फुलण्यासाठी थंडी लागते, सात अंशांच्या खाली अमुक इतके तास. हे त्यांना पाठ होतं. डिसेंबरात रोज पहाटे थर्मामीटर बघून मोरीच्या बाहेरच्या भिंतीवर खडूनं आकडा लिहायचे. अकरा. बारा. साडेदहा. अकरा. भिंत भरली तरी पारा काही सातच्या खाली उतरला नाही.

मग त्यांनी बर्फ आणला.

बर्फाच्या कारखान्यातून सायकलच्या कॅरिअरला लादी बांधून, वर भाताचा कोंडा आणि पोतं. लादी फोडून त्यांनी खोडाभोवती रिंगणात मांडली. समोर एक शिलाईवाले चाचा बसायचे. त्यांनी मशीन थांबवून विचारलं, "सुभेदारसाब, नुसताच बर्फ? मासं कुटं हाईत?"

"झाडाला थंडी देतोय."

"मग कंबल बी तयार ठेवा. माझ्याकडं हाय एक फाटकं, शिवून देतो."

आठ दिवस बर्फ येत राहिला. नवव्या दिवशी मी लॅबमधला थर्मामीटर आणला. मातीत धरला, फांदीशी धरला, दोन्ही आकडे त्यांना दाखवले. मुळाशी गार होतं, कळ्यांशी तीच हवा. "आबा, थंडी कळ्यांना लागायला हवी. मुळांना गारठवून काय उपयोग?"

"फौजेत पाय गारठलं की आख्खा मानूस गारठतो, बाई."

"हे झाड आहे."

ते विचारात पडले. दोन दिवसांनी दवाखान्यात लशींबरोबर येणाऱ्या, टाकून दिलेल्या बर्फाच्या पिशव्या मागायला आले. मी दिल्या. त्या त्यांनी घरी गोठवून फांद्यांना बांधल्या. दुपारपर्यंत त्यांचं पाणी व्हायचं, संध्याकाळी ते सोडून पुन्हा गोठवायचे. आळीतली माणसं मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायची. त्यांना त्याचं काही नव्हतं. पहाऱ्याला उभा राहिलेला माणूस बघ्यांकडे बघत नाही.

मार्ग सापडला तो तासगावच्या एका द्राक्षवाल्यामुळे. बहिणीचा रिपोर्ट न्यायला आला होता, मी त्याला सहज विचारलं. तो हसला. "आवं, त्याला थंडी कशाला पायजे? थंडी पडली असं त्याला वाटलं म्हंजे झालं. पानी तोडा. पंधरा दिसांनी झाडून सगळी पानं हातानं उतरवा. झाड समजंल हिवाळा हुता, आता सपला. फुटंल."

सुभेदारांना हे पटलं, पण आवडलं नाही. एका रविवारी आम्ही दोघांनी पानं उतरवली. मला दोन तास लागले, त्यांना पूर्ण सकाळ, कारण ते एकेक पान देठापासून काढत होते. उघडं झाड बघून म्हणाले, "फसवनूक हाय ही."

"द्राक्षवाले दर वर्षी करतात."

"करत असतील." मग झाडाकडे बघून, खालच्या आवाजात : "विलाज न्हाई गड्या."

फेब्रुवारीत फुलं आली. पांढरी, कडेला गुलाबी. मी मोजली, एकतीस होती. त्यांनी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला आणि बराच वेळ फोन झाडासमोर धरून स्वतः मागे उभे राहिले. काकींचा आवाज आला, "छान हाईत हो. पन म्या सपरचंद म्हनलं व्हतं, फुलं न्हवं." मागून नातवाचं रडणं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

फुलं गळाली. एकही धरलं नाही. त्यांनी हिमाचलात नर्सरीवाल्याला फोन केला, तेव्हा कळलं की चूक मुळातच होती. या जातीला दुसऱ्या जातीचं झाड शेजारी लागतं. त्याच्या फुलातलं केसर, म्हणजे पराग, याच्या फुलावर पडलं तरच फळ. नर्सरीवाला म्हणाला, मी तेव्हाच जोडी घ्या म्हटलं होतं. सुभेदारांनी एकच मागितलं होतं, कारण काकींनी "झाड" म्हटलं होतं, "झाडं" नाही.

दुसरं कलम पार्सलनं आलं त्याच महिन्यात माझी मिरजेला बदली झाली. मी सामान बांधत होते तर ते डब्यातलं रोप घेऊन दारात. "हे तुमी न्या."

"मी? आबा, जोडी शेजारी लागते ना?"

"फौजेत दोन सख्खे भाऊ एका तुकडीत ठिवत न्हाईत. हितं रोग पडला तर दोनी झाडं जातील. एक हितं, एक मिरजेत."

"आणि केसर काय उडत येणार मिरजेहून?"

"पॅसिंजर गाडी हाय की. डब्यात घालून आनायचं."

मी त्यांना तिथेच सांगितलं की हा शुद्ध वेडेपणा आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि रोप टेम्पोत चढवलं. आता मला वाटतं, तो शुद्ध नव्हता. थोडा हिशेबी होता.

मिरजेत माझ्या घरामागे धुण्याच्या दगडापलीकडे चार हात जागा आहे. झाड लागलं. डिसेंबरात रहिमतपूरहून फोन यायचा, "पानी तोडा." पंधरा दिवसांनी, "पानं उतरवा." दोन्हीकडे एकाच दिवशी, म्हणजे फुलं एकाच वेळी. फेब्रुवारीत मी पहाटेच फुलं खुडून स्टीलच्या डब्यात ओल्या फडक्यावर ठेवायची, डबा लशीच्या पेटीत आणि पेटी मांडीवर. सांगली, ताकारी, कराड, मसूर. लोक विचारायचे, "काय हाय पेटीत?" मी सांगायची, "फुलं." मग कोणी पुढं विचारत नसे.

रहिमतपूरचं स्टेशन गावापासून लांब आहे. सुभेदार सायकल घेऊन प्लॅटफॉर्मवर उभे असायचे, इस्त्रीचा सदरा घालून. घरी जाऊन काडीला कापूस गुंडाळून आम्ही केसर लावायचो. ते शिडीवर, मी खाली डबा धरून. मग त्यांच्या हातची आमटी-भात. निघताना त्यांच्या झाडाची फुलं डब्यात भरून मिळायची, कारण दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही त्यांच्या आईची शिकवण होती. ती फुलं मी मिरजेत माझ्या झाडाला लावायची. माझ्या झाडाला दुसऱ्याच वर्षी फळं धरली, सहा. त्यांच्याकडे उन्हाच्या झळा लागायच्या, नाहीतर वळीव यायचा, आणि फळ वाटाण्याएवढं होऊन गळायचं.

एका वर्षी मला जायला जमलं नाही. तपासणीचं शिबिर होतं. कोरेगावला माहेरी निघालेल्या एका सिस्टरबरोबर मी डबा पाठवला. तिनं तो रहिमतपूरला गाडीच्या खिडकीतूनच दिला. ती नंतर म्हणाली, "ते आजोबा आधी माझ्यामागं डोकावून बघत होते. बाई न्हाई आल्या, म्हणाले." संध्याकाळी त्यांचा फोन आला. "माल पोचला." एवढंच. डबा परत आला नाही.

आणि नेमकं त्या वर्षी धरलं.

"चार हाईत," मेच्या सुरुवातीला त्यांचा फोन. आवाज इतका हळू की कोणी ऐकेल अशी भीती असावी.

"काकींना कळवलंत?"

"लिंबाएवढी हाईत. एवढ्यात काय कळवायचं?"

पंधरा दिवसांनी मी विचारलं. "रंग येऊं दे," म्हणाले. मे संपताना पुन्हा विचारलं. "रंग आलाय. पन पिकाय पायजे." मला राग आला. "आबा, किती वर्षं थांबलात या दिवसासाठी? लावा फोन. मी लावू का?"

"न्हाई," ते म्हणाले. पटकन आणि मोठ्यानं. मग म्हणाले, "म्या लावतो."

जूनमध्ये माझ्या नोकरीच्या पुस्तकातली एक नोंद दुरुस्त करायला मला रहिमतपूरला जावं लागलं. काम उरकून त्यांच्याकडे गेले. झाडावर एकही सफरचंद नव्हतं.

"वांदरांनी नेली," ते म्हणाले.

"चारही?"

"आख्खी पलटन आलीवती."

मी झाडाकडे पाहिलं. माकडं येतात तेव्हा काय होतं हे मला माहीत आहे. डहाळ्या मोडतात, पानांचा सडा पडतो, फळं अर्धी खाऊन फेकतात. इथे एक पान इकडचं तिकडे झालेलं नव्हतं. चुन्याचे दगड रांगेत होते. आमटी-भात जेवले. निघताना त्यांनी फेब्रुवारीपासून राहिलेला माझा डबा आणून दिला. घट्ट बंद, फडक्यात बांधलेला.

"हितं नगा उघडू," म्हणाले. "गाडीत बघा."

कराड गेल्यावर मी डबा उघडला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली चार सफरचंदं होती. लहान, एका गालावर लाल. देठ कात्रीनं तिरके कापलेले. सुभेदार प्रत्येक गोष्ट तशीच तिरकी कापायचे.

त्यांना मला खोटं सांगता आलं, पण डबा रिकामा देता आला नाही.

कोड्यात पडावं असं त्यात काही नव्हतं. फळ लागलं की येते, असं काकी म्हणाल्या होत्या. फळ लागलं नव्हतं तोवर त्या फळ नाही म्हणून येत नव्हत्या. फळ लागल्यावर कळवायचं, आणि तरी त्या आल्या नाहीत तर? मग सुभेदारांनी आळीत काय सांगायचं, आणि पहाटे झाडाला काय विचारायचं? चार सफरचंदं झाडावर पिकताना बघत त्या माणसानं महिनाभर हा विचार केला असणार. मग कात्री घेतली असणार.

एक सफरचंद मी गाडीतच खाल्लं. आंबट होतं, पण सफरचंदच होतं.

त्याच आठवड्यात काकींचा फोन आला. एरवी दिवाळीला यायचा. इकडचं तिकडचं झालं. नातू पहिलीत गेला, गुडघ्याचं औषध चालू आहे, सोसायटीतल्या बायकांची भिशी असते, भजन असतं. मग म्हणाल्या, "तुमी मधी रहिमतपूरला गेलावता म्हनं."

"गेले होते."

"ह्यांना विचारलं तर नीट सांगत न्हाईत. झाडाला लागलं का वो काय?"

टेबलावर माझ्यासमोर तीन सफरचंदं होती. सव्वीस वर्षांत मी कोणाचा रिपोर्ट बदलून दिलेला नाही. लोकांनी हात जोडले, रडले, ओळखी सांगितल्या, तरी नाही. तपासलं ते लिहिलं.

"नाही काकी," मी म्हटलं. "माकडं फार झालीत."

काकींनी श्वास सोडला. डोक्यावरची घागर उतरवल्यावर बाई सोडते तसा. "व्हय का," त्या म्हणाल्या. "मग ऱ्हाऊं दे. आता मला निघनं बी जमलं नसतं. पोराची शाळा हाय." आणि मग, "जेवतात का वो नीट?"

"जेवतात," मी म्हटलं. हे तरी खरं होतं.

उरलेल्या तीन सफरचंदांचं मी लोणचं घातलं. बरं झालं होतं.

डिसेंबरात फोन आला, "पानी तोडा." पंधरा दिवसांनी, "पानं उतरवा." मी दोन्ही केलं. यंदा फेब्रुवारीत रजा टाकून स्वतः गेले. सुभेदार प्लॅटफॉर्मवर होते. सदरा इस्त्रीचा, पण गळ्याशी सैल झालेला. सायकल हातात धरून चालत घरी आलो. मागच्या वर्षीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही.

ते शिडी चढले. फुलं यंदा भरपूर होती, पन्नासच्या वर. प्रत्येक फुलाला त्यांनी काडी लावली, एकही न गाळता, तोंडानं मोजत. अर्धं झाड झालं तेव्हा फोन वाजला. ते उतरले आणि मला "आलोच" म्हणून घरात गेले. खिडकीतून आवाज येत होता.

"न्हाई गं. आत्ता कुटं फुलं हाईत... व्हय, बाई आल्यात... लागलं की कळवतो की. दुसऱ्या कुनाला कळवनार?"

बाहेर आले. कापूस बदलला. वर बघून म्हणाले, "शेंड्याची तेवढी ऱ्हायली. शिडी धरा, बाई."

मी शिडी धरली.